नाव नसलेल्या तोरड्या

राजारामपुरी, आठवी गल्ली, जिन्याखालचं दुकान.
हुपरीच्या अण्णासो शेंडुऱ्यांनी
रुमालातनं डिस्क काढली.
वायर जोडली, तशी टक्, टक्... टक्.
चांदी घडवणारा कान त्यांचा:
"ठोका चुकतोय बघा हिचा."
मी झटकन बंद केली.
फार विचारलं तर कायमची गप बसली असती.

अकरा दिवसांनी,
दुसऱ्या एका मेलेल्या डिस्कचं डोकं बसवल्यावर,
चौदाशे तोरड्यांची चित्रं परत आली.
नावं तेवढी गेली.
नुसते आकडे.

अण्णासोंनी खुर्ची ओढली.
"ही कागलच्या मास्तरीणबाईंची.
ही निपाणीची, घुंगरं जास्त मागितलेली.
ही मेव्हणीनं परत धाडली."
मी टाईप करत गेलो.
चहावर साय धरली.

तीनशे बाराव्या चित्राशी
ते चष्मा पुसत बसले.
"हिला काय लिहू?"
"ऱ्हाऊ दे. आकडाच ऱ्हाऊ दे."