पाचर

नवा कायदा आला त्या हिवाळ्यात
आयोवातल्या आमच्या शाळेत
पत्र आलं, प्रत्येकाच्या नावे वेगळं:
पगाराचं बोलायचं असेल तर
एकेकट्याने यावं. मंगळवारी. दहा-दहा मिनिटं.

आम्ही बसलो कचेरीबाहेर
पहिलीतल्या पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी.
मारिसेलाच्या हातांना अजून कांद्याचा वास,
व्हर्लिनच्या बुटांवरचं बर्फ वितळून
ओघळ माझ्या पिशवीपर्यंत आलेला.
पिशवीत चौथीच्या एकतीस वह्या, भागाकाराच्या.
भाग जात नाही तेव्हा उरते ती बाकी;
बाकी पुसायची नसते, बाजूला लिहायची असते,
मीच शिकवते त्यांना.

पहिला आत गेला व्हर्लिन.
बावीस वर्षं शाळेची बस चालवतो, उणे वीसमध्येसुद्धा.
त्याला ठाऊक असतं कुठल्या फाट्यावर
कुठलं पोर मोज्यांशिवाय उभं आहे.
साहेबासमोर मात्र वाक्य पुरं होत नाही त्याचं.
तीन मिनिटांत बाहेर, टोपी चुरगाळत.
"मी बरं म्हटलं," म्हणाला.
कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग माझं नाव.
मी उठले, तर अर्लो काडलेक,
आमचा झाडलोटवाला,
चाव्या वाजवत पुढे आला
आणि उघड्या दाराखाली टाचेने पाचर ठोकली.
लाकडाची, साधी. डब्याच्या सुट्टीत लावतो तीच.

साहेब म्हणाले, दार लावून घ्या.
"बिजागरी बिघडलीय," अर्लो म्हणाला.
बिजागरीला काही झालं नव्हतं;
आदल्याच दिवशी त्याने तेल घातलं होतं.

मग मी बोलले, माझ्या पगाराचं राहू देऊन
स्वयंपाकघरातल्या भाजलेल्या मनगटांबद्दल.
मारिसेलाने बसल्या जागेवरून माझा आकडा दुरुस्त केला.
आणि व्हर्लिन, ज्याची दहा मिनिटं कधीच संपली होती,
दारात येऊन म्हणाला,
"ते 'बरं' मी मागे घेतो."

मिळालं काय? त्या वर्षी काहीच नाही.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद आवरले.
मे महिन्यात अर्लो निवृत्त झाला,
चाव्या मोजून दिल्या, सही केली.
पाचर यादीत नव्हती.
ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, खडूच्या तुकड्यांजवळ,
एका अंगाने टाचेखाली दबलेली.

चांगल्या कामात पाचर मारू नये म्हणतात.
काम कुणाचं, ते मी आधी विचारते.