मानशीचं दार

हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर
मी आठवडाभर टिंबं देत गेले.
जो बोलला त्याच्या नावापुढे एक.
शनिवारी शाळा सुटल्यावर मोजली:
स्पृहा वेरेकर, एकतीस.
खालोखाल दोघे, नऊ नि सात.
बाकीचं पान
एप्रिलातल्या मिठागरासारखं पांढरं.

मांडूरच्या या फळ्यापुढे एकोणीस वर्षं उभी आहे
आणि रोज विचारत आलेय, "समजलं ना?"
ह्याला "हो"खेरीज उत्तर असतं का कधी?
वर्ग एका सुरात "हो" म्हणतो,
आरतीत टाळ्या वाजवतात तसा,
शब्द येणारे नि न येणारेही.

"झुआरीचं जुनं नाव? पटकन!"
"अघनाशिनी!" प्रश्न संपायच्या आत स्पृहा.
त्या 'पटकन'पायी
मागचे दोन बाक कधीच बुडाले होते.
तिथं दत्तेश गावडे: "म्हाका खबर ना."
तिथंच यल्लव्वा, बाप पुलाच्या कामावर, बागलकोटहून आलेली:
"गोत्तिल्ल."
दोन भाषांतलं ते न येणं
मी एकाच रकान्यात टाकत होते.

सोमवारी पुस्तक मिटलं.
आमच्या खिडकीतून बांध दिसतो,
बांधात मानस,
खाजनातलं पाणी नदीत सोडणारी जाड लाकडी दारं.
म्हटलं, "ते दार कसं उघडत असेल?
हात वर करायचा नाही.
आधी शेजाऱ्याशी बोला,
मग डब्यातून चिंचोका काढीन,
त्यावर ज्याचा नंबर, तो सांगेल."
आणि गप्प राहिले.

गप्प राहायला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.
मनात मोजत होते.
चारला माझीच जीभ वळवळली.
सहाला पंख्याची करकर ऐकू आली,
ती इतकी वर्षं होती तर.
आठला स्पृहा बाकावर अर्धी उठली, बसली.
अकराला मागून कुजबुज,
आधी एक,
मग पोफळीच्या बागेत वारा शिरावा तशी सगळीकडून.

पहिला चिंचोका स्पृहाचाच.
"मानस राखणारा उघडतो. त्याला पगार असतो."
चूक म्हणाले नाही, बरोबरही नाही.
"तुला असं कशावरून वाटतं?"
ती थांबली.
तिला कुणी कशावरून विचारलंच नव्हतं आजवर.

मग सतरा.
दत्तेश उभा राहिला, भिंतीकडे बघत.
"कोणूच उगडना, टीचर. उदकच उगडटा."
आणि पुढचं हातांनी:
दोन तळवे जोडून दार केलं.
सुकती आली, नदी खाली गेली,
आतलं पाणी लोटतं, तळवे बाहेर उघडले.
भरती आली,
बाहेरचं पाणी रेटतं,
तळवे खाडकन मिटले.
जेवढं रेटाल तेवढे घट्ट.

खडू हातात तसाच राहिला.
एकोणीस वर्षं मी भरती होते.

असं काही नाही की सगळे बोलले.
पाच जण त्या दिवशीही नाही.
साहिल नाईक झोपला होता, खरंच झोपला होता.
यल्लव्वाचा चिंचोका निघायच्या आत घंटा झाली.

पण ती टेबलाशी आली.
अर्धं कोकणी, अर्धं तिचं:
दार कुजलं तर?
मला माहीत नव्हतं.
"गोत्तिल्ल," मी म्हणाले.
ती खुदकन हसली,
माझा उच्चार चुकला होता,
दोनदा म्हणवून घेतला माझ्याकडून.

तिच्या नावापुढे टिंब दिलं.
मग वाटलं, उत्तर कुठं दिलंय तिनं?
टिंबाच्या डोक्यावर आकडी काढली,
प्रश्नचिन्ह झालं.

उद्या सुकती साडेदहाला.
दत्तेशनं सांगितलंय.
गणिताचा तास आहे खरा,
पण आम्ही बांधावर असू.