मूठ

रोज दोनदा, आधणाला उकळी फुटायच्या आत,
मोजलेल्या तांदळातून एक मूठ मी परत काढते
आणि चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकते.
देवाची मूठ.
आई टाकायची. तिची आईही.
ज्या साली बांबूला फुलं आली
आणि उंदरांनी डोंगरच्या डोंगर फस्त केले,
त्या सालीही टाकायची म्हणे,
फक्त मूठ जरा सैल धरायची.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
डबे घेऊन आम्ही चर्चमागच्या खोलीत जमतो.
काटा माझ्याकडे.
रोथांगपुई, सव्वादोन किलो.
विधवा साइहनूनी, सातशे ग्रॅम, खडे निवडून.
याच तांदळातून पलीकडच्या खोऱ्यात शाळा उभी राहिली,
छपराचे पत्रे आले, घंटा आली,
आणि ते सागवानी व्यासपीठ, तीन पायऱ्यांचं,
ज्यावर आमच्यातल्या एकीनंही पाय ठेवलेला नाही,
झाडायला सोडून.

आमच्या मिझो डोंगरात जुनी म्हण होती:
बाईला आणि खेकड्याला धर्म नसतो.
मग पुस्तक आलं.
पणजीच्या हातात कुणी पाटी दिली,
आणि अक्षरं लावता लावता तिला कळलं
की आपल्यालाही आत्मा आहे,
नवऱ्याच्याएवढाच, वजनात कदाचित काकणभर जास्त.
पाटी उशाशी घेऊन झोपायची ती.
हे खोटं नाही. हे मी विसरणार नाही.

पण त्याच पुस्तकात, पुढे, एका पत्रात,
गप्प बसायला सांगितलंय.
घरात घेतलं, आणि उंबऱ्यावर बसवलं.

झोनूनसांगी खाली शहरात ग्रीक शिकवते.
आमचे पाळक तिचेच विद्यार्थी,
क्रियापदांत दोनदा नापास झालेले.
मी विचारलं, खरंच तसं लिहिलंय का गं?
ती म्हणाली, लिहिलंय.
आणि दुसऱ्या एका पत्राच्या शेवटी
ज्यांना ज्यांना सलाम सांगितलेत, त्यांत बायाही आहेत.
एकीला तर प्रेषितांत नावाजलंय.
पुढे कुणीतरी तिच्या नावाला मिशा काढल्या.
एवढं बोलून ती कोबी चिरत राहिली.

जुलैत दरड कोसळली, पाळकांची जीप पलीकडे अडकली.
चर्च भरलेलं. पुरुष उजवीकडे, आम्ही डावीकडे.
वडीलमंडळी कुजबुजली.
झोनूनसांगी सुट्टीला आलेली, तिसऱ्या बाकावर,
पुआनच्या काठाशी चाळा करत.
शेवटी पु ह्रांगथांगा म्हणाले,
वाचन ती करील.
खालूनच.

तिने कबरीपाशी गेलेल्या बायांचा भाग काढला.
पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या,
धोंडा सरकलेला बघून माघारी आलेल्या,
आणि ज्यांना जाऊन सांगितलं
त्यांना ती बायकांची बडबड वाटली.
इथे ती थांबली.
मान वर केली नाही.
ढोलवाल्या पोराने ढोलावरचा हात उचलून
हळूच मांडीवर ठेवला.
मग पुस्तक मिटून ती जागेवर जाऊन बसली.

तीन पायऱ्या वर कोणीच नव्हतं.
सगळे तिकडेच बघत होते.
पु ह्रांगथांगा खोकले. गाणं सुरू झालं.

बाहेर त्यावर कुणी बोललं नाही.
साइहनूनी छत्री उघडता उघडता म्हणाली,
आज नीट ऐकू आलं बाई.

दुसऱ्या दिवशी तांदळात घातलेला हात
तसाच राहिला.
आधणाचं झाकण वाजायला लागलं.
मूठ बाहेर काढली, परातीत पसरली,
आणि दाणे मोजले.
एक हजार एकशे बारा, वर एक कणी.

मग टाकले डब्यात. टाकायचेच होते;
खोऱ्यातली पोरं त्यावर जेवतात.
पण आकडा आता झाकणावर आहे,
खडूने लिहिलेला.
पुसला गेला की मी पुन्हा लिहिते.