अंड्याएवढा फेस

डब्यावर लिहिलंय, तळहातावर अंड्याएवढा फेस घ्यावा.
कुठलं अंडं, ते लिहिलेलं नाही.
कोंबडीचं धरून चालले मी.
सव्वासहाशेचा डबा,
शहामृगाचं परवडणार नाही.

कर्ज विभागातल्या फिलोमिना तुस्कानोनं सुचवला.
तिचे केस वसईहून निघतात
तसेच संध्याकाळी वसईला पोचतात.
माझे इथे माहीमला, उंबऱ्याच्या आतच
टाळूला चिकटलेले,
गाईनं वासरू चाटावं तसे.
शाळेत माझ्या वेणीला उंदराची शेपटी म्हणत.
खोटं नव्हतं.
उंदीरही फारसा खात्यापित्या घरचा नसावा.

आज बँकेत ओळखपत्रांचे नवे फोटो.
जुन्यात माझं कपाळ
फार लांबवर गेलंय.

तर, ओले केस. मुळांशी फेस.
बोटांमध्ये तो बारीक तडतडतो,
वास पेरूचा, की नव्या रेक्झिनचा,
ठरवता येत नाही.
मग सूचना क्रमांक चार:
डोके खाली घालून वाळवावे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी
खोलीच्या मधोमध वाकून उलटी उभी राहिले.
कमरेतून काहीतरी बोललं.
ड्रायर घोंघावतोय, घर उलटं,
दिवाणाखाली हरवलेला रिमोट,
एका पायाची चप्पल, धुळीची लोळी,
आणि भिंतीला टेकून
आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
जो उभ्यानं मला आठ वर्षांत दिसला नाही.

त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे.

गंगावन.
रात्री ते खिळ्याला टांगलेलं असायचं,
काळंभोर, जाड, हातभर लांब,
आणि मी मोरीकडे जायची
डोळे गच्च मिटून.
सकाळी आई ते वेणीत गुंफायची
दातांत आकडे धरून,
आणि मग ती आई व्हायची.
कुणाचे गं केस हे?
आकड्यांच्या फटीतून म्हणायची,
असतील कुणाचे तरी. आता माझे.

सरळ झाले. डोळ्यांपुढे काजवे,
आणि आरशात एक भरदार बाई,
जिला सोसायटीच्या सभेत
कुणी मध्येच तोडलं नसतं.

हिंदुजापर्यंत ती होती.
बसच्या खिडकीतून समुद्राची चिकट हवा,
ऑक्टोबरचा घाम,
शिवाजी पार्कला डावी बाजू खचली.
सिद्धिविनायकाला सवयीनं मान लववली
तेव्हा उजवीही लवली,
ती परत वर आलीच नाही.

फोटोवाला पोरगा म्हणाला, हनुवटी वर, मॅडम.
मी हनुवटी वर केली.
त्याहून वर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार वाजता कार्डं आली.
यंत्रानं प्रत्येकाला
भुवयांच्या वर दोन बोटं सोडून कापलंय.
त्याच्या वर लगेच बँकेचं नाव.
फिलोमिनाचा सगळा डोलारा गेला.
शाखाधिकारी, शिपाई, ती, मी,
केसभर फरक नाही.
ती चिडली होती.
मी तिला चहा पाजला, जरा जास्तच आनंदानं.

रात्री दिवाणाखालून डबा ओढला.
डांबरगोळीचा वास, आणि ते,
चपटं, घडीवर मोडलेलं,
एक आकडा अजून तसाच अडकलेला.
हाताशी होता त्या शाम्पूनं धुतलं.
मग अंड्याएवढा फेस.
मुळं नव्हतीच, म्हणून दोऱ्याच्या गाठीपासून सुरुवात केली.
बाथरूमच्या खुंटीला लटकवलं,
सूचना क्रमांक चार आपसूक पाळली गेली.

पहाटे उठले. दिवा लावला नाही.
दार ढकललं,
तर ते फुगलं होतं,
माझ्या डोक्यावर कधीच काही फुगलं नाही इतकं,
कुणाचं तरी, मग तिचं,
वाऱ्यानं जरासं वळलेलं.

मी डोळे गच्च मिटले
आणि भिंतीला धरून
आत गेले.