ताळा

क्लाक्सविकच्या बंदरात रात्रीचे पावणेदोन.
रान्वाने नव्या लॅपटॉपवर
नकाशांच्या भांडारातून सगळं उतरवून घेतलं,
दोनशे बारा फाइली,
आणि एकेकीचा ताळा पाहायला यंत्राला बसवलं.
कॉफी ओतेपर्यंत दोनशे अकरा जुळल्या.
एक नाही.

एक नाही म्हणजे जरा नाही, असं नसतं इथे.
चौसष्ट अक्षरांची ती ओळ
पहिल्यापासूनच निराळी,
कुणा तिऱ्हाइताची वाटावी अशी.
ताळ्याला डावंउजवं कळत नाही.

तिने जुन्या संगणकावरची प्रत उघडली, डॉन्यलच्या हातची.
दोन्ही शेजारी ठेवून बोट लावून वाचलं.
अक्षांश, रेखांश, खोली, भरतीची वेळ.
आकड्यांना कुठेच धक्का नाही.
मग मोठ्याने वाचलं,
आणि मोठ्याने वाचलं म्हणूनच सापडलं नाही.

बोई.
पाण्याखाली दडलेला, लाट फुटली तरच कळणारा खडक
म्हणजे त्यांच्या बोलीत बोई.
लिहिताना मधे एक अक्षर येतं,
आडवी रेघ मारलेला ड म्हणा,
जे कुणीच उच्चारत नाही.
लॅपटॉपने, मदतीची भारी हौस,
उतरवता उतरवता ती रेघ पुसली होती.

(आपली नाही का, टिंबं होती शब्दांवर,
नाकाला कधीच न शिवलेली?
नांव काय नि नाव काय, आपण एकच वाचतो.
ताळा वाचणार नाही.)

हौस बंद केली. फाइल पुन्हा उतरवली.
जुळली.

जुळली म्हणजे काय, पण?
अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये
वल्ह्याच्या होडीतून शिशाचा गोळा सोडून
डॉन्यलने दोरीच्या गाठी मोजल्या,
वहीत लिहिलं साडेतीन मीटर.
बोटं गारठून एखादी गाठ निसटली असती
तरी आज ती चूक अशीच जुळली असती,
चौसष्टच्या चौसष्ट.
ताळा समुद्रात उतरत नाही.
ठेवलं होतं तसं आहे,
याच्यापुढे एक शब्द बोलत नाही.
आणि डॉन्यलला विचारावं
तर तो गेल्या हिवाळ्यापासून
चर्चमागच्या उतारावर.

पाचला बोट सुटायची.
एयुन धक्क्यावरून वर आला, ओल्या बुटांनी,
त्याच्याही नावात ते मुकं अक्षर आहे.
"बरोबर आहे ना सगळं?"
रान्वा म्हणाली, "जसंच्या तसं आहे."
तो क्षणभर थांबला,
दोन्हींतला फरक त्याला कळला असावा.
लॅपटॉप काखेत मारून उतरला.

डेकवर, दिव्याखाली,
दोरीचं वेटोळं आणि शिशाचा गोळा
त्याने आधीच आणून ठेवले होते.