मऊ पाणी

दुकानदार म्हणाला, दोनशे दहा पौंड, खोका धरून.
खोक्याला खिडकी असते म्हणे,
आत आम्ल नसलेला कागद, वर मोहोर
आणि शंभर वर्षांची हमी.
मी विचारलं, हमी वसूल करायला येणार कोण?
तो हसला नाही.

ड्रेस परत गाडीत घातला.
मागच्या सीटवर तो ऋजुतासारखाच बसला,
पाय पसरून, पट्टा न लावता.

चाळीस वर्षं मी कापडाला रंग चढवले, रंग उतरवले.
आधी इचलकरंजीत, प्रोसेसच्या वाफेत,
मग इथे हॅलिफॅक्सला, आमच्या गिरणीचे फ्लॅट होईपर्यंत.
डाग मला कुणी शिकवू नयेत.
लेबल म्हणतं, फक्त ड्रायक्लीन.
असली लेबलं मीच लिहून दिलीत कितीदा.
शिवणीच्या आत एक थेंब टाकला,
कापसाने टिपला, दहा मिनिटं थांबलो
आणि बाथटबचा नळ सोडला.

इथलं पाणी मऊ.
माळावरच्या काळ्या मातीतून गाळून येतं,
साबण एवढासा पुरतो.
आमच्याकडे बोअरच्या पाण्यात साबण
दुधासारखा फाटायचा.

दिसतात ते डाग सोपे.
घेराला चिखल, फोटोग्राफरने बसवलं तिथल्या गवताचा हिरवा,
खांद्यावर कुणाच्या तरी गालाची पावडर.
धास्ती असते ती न दिसणाऱ्यांची.
शॅम्पेन वाळते, वाटतं गेली.
साखर धाग्यात दबा धरून बसते
आणि पंधरा वर्षांनी, कपाटाच्या अंधारात,
तपकिरी होऊन वर येते.
म्हणून टॉर्च आडवा धरून
वीत वीत तपासत गेलो,
जावयाच्या बाजूने जरा जास्तच.

जाळीत एक अक्षत सापडली.
हॉलमध्ये काही उधळायचं नाही, असं बजावलं होतं,
म्हणून विजूने बाहेर पायऱ्यांवर मूठ रिकामी केली.
एक दाणा तेवढा राहिला, भोवती कुंकवाचा गुलाबी ठिपका.
ठिपका निघाला.
दाणा मी खिशात टाकला, का ते विचारू नका.

भिजलेला ड्रेस एकट्याने उचलत नाही.
विजूला हाक मारली.
तिने घेर धरला, मी खांदे,
जिना उतरताना पाणी पायऱ्यापायऱ्यांवर.
मधल्या वळणावर मी म्हणालो, तुझा शालू असता तर आज...
ती म्हणाली, नीट धर.
मग खालच्या पायरीवर:
शालू तुझ्या विमानात गेला.
जरीवाल्याने माझ्यासमोर जाळला.
राखेतून चांदी निघाली ती एवढीशी,
माझ्या बोटाच्या पेराएवढी.
तक्रार नव्हती. माप सांगत होती.

परसात चादर अंथरून त्यावर आडवा घातला.
मिसेस ग्रीनवुड कुंपणावरून म्हणाल्या,
अगं बाई, बुडालं कोण?

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मलमलीत गुंडाळला,
घडीत घडीत कागदाचे बोळे, चुणी मोडू नये म्हणून.
दरवर्षी घडी बदलायची, नाहीतर कापड तिथेच तुटतं,
हे शालूचं शास्त्र. गाऊनलाही चालत असावं.
खोका बुटांच्या दुकानातून आणला.
आत, गिरणीत लिहायचो तशी चिठ्ठी:

धुतला १९ सप्टेंबर. तीन पाणी, शेवटचं कोमट.
गवत: गेलं. चिखल: गेला. साखर: चार ठिकाणी, गेली.
डाव्या बाहीच्या आत, कोपराशी, चार बोटं रुंद, निळसर:
गेला नाही.

रात्री लिस्बनहून तिचा फोन आला.
विचारलं, बाहीत निळं काय आहे गं?
पलीकडे थोडं थांबून ती हसली,
तिच्या मागे एलियटही हसला,
आणि ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का?

चिठ्ठी पुन्हा काढली. पेन शोधलं.
रकाना रिकामा ठेवायची सवय नाही.
लिहिलं,
कारण: माहीत नाही.