रकाना अकरा

ब्राझिलियात ऑगस्टमध्ये तांबडी धूळ
कीबोर्डच्या फटींतसुद्धा शिरते.
शून्य दाबलं की करकरतं.

सर्वोच्च न्यायालयासमोर न्यायदेवता बसली आहे, दगडाची.
डोळ्यांवर पट्टी, मांडीवर तलवार.
तराजू तिला कुणी दिलेलाच नाही.
मोजायचं काम बहुधा त्यामुळेच
आमच्या तिसऱ्या मजल्यावर आलं:
मी, रोझाल्व्हू, आणि एक पंखा
जो फक्त त्याच्याकडे वळतो.

अकरा न्यायमूर्ती. नावं आम्ही पहिल्याच दिवशी पुसली,
न्या-१ ते न्या-११ असं केलं,
म्हणजे रागलोभ नको.
तरी महिन्याभरात ओळखू यायला लागले,
जिन्यातल्या पावलांवरून घरचं माणूस कळावं तसे.
न्या-५ शुक्रवारी कडक.
न्या-३ लांबलचक लिहितो, जेव्हा त्याची खात्री नसते.
न्या-९ आणि न्या-२ शंभरात एक्क्याण्णव वेळा एका बाजूला,
पण कॉफी कधी एकत्र घेत नाहीत,
असं रोझाल्व्हूची मावशी सांगते; ती तिथे कप उचलते.
तिच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.

व्हिस्ता म्हणजे नजर.
मतदान चालू असताना एखादा न्यायमूर्ती म्हणू शकतो,
थांबा, हे प्रकरण मला जरा नजरेखालून घालू द्या.
मग फाइल त्याच्या दालनात जाते.
ती तिथे किती दिवस राहते
ते रकाना अकरामध्ये.
नियमात दिवस लिहिले होते.
रकान्यात वर्षं निघाली.

ओळ चार हजार तीनशे सतरा:
झुल्मिरा दा कोन्सेइसाँव, वय एकाहत्तर, राहणार काशोएइरा.
मागणी: इस्पितळाच्या धुलाईघरातली एकोणतीस वर्षं
पेन्शनमध्ये धरावीत.
पाच मतं तिच्या बाजूने पडली, एक विरुद्ध.
जिंकायला आणखी एकच हवं होतं.
मग न्या-७: व्हिस्ता.
दोन हजार दोनशे सहा दिवस.
आणि निकालाच्या जागी एवढंच,
'दाव्याचा विषय उरलेला नाही.'

मी जोडपत्र उघडलं.
मृत्यूचा दाखला. खाली भाचीचं पत्र, वहीच्या कागदावर:
मावशी गेली. पैशाचं राहू द्या.
तिचं कामाचं ओळखपत्र तेवढं परत पाठवा,
तिचा तेवढाच एक फोटो आहे.

जिंकली तर एक, हरली तर शून्य.
हिला काय लिहू?
'गहाळ लिही,' रोझाल्व्हू पंख्याकडे बघत म्हणाला,
'अशा ओळी प्रोग्राम आपोआप वगळतो.'
मग आम्ही दोघंही गप्प झालो.
कारण मागच्याच आठवड्यात
आम्ही एक आलेख काढून भिंतीला लावला होता,
त्यात न्यायालय दरवर्षी जरा चपळ होत चाललं होतं,
आणि आम्हाला बरं वाटलं होतं,
दोघांनी मिळून चीजपाव खाल्ला होता.

सहाशे बारा निघाल्या तशा ओळी.
विधवा, खाणकामगार, एक पोस्टमास्तर,
नदीकाठच्या जमिनीसाठी भांडणारे एकाच आडनावाचे नऊजण,
ज्यांतले शेवटी दोन उरले.
सगळ्यांना परत आत घ्यायला अडीच दिवस लागले.
रेघ आधी सपाट झाली,
मग वर चढली,
आणि भिंतीवरच्या कागदाबाहेर गेली.
रोझाल्व्हूने खाली वाकून दुसरा कागद चिकटवला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी तर तिसऱ्या मजल्यावरून खालीही उतरत नाही.
पण त्या सोमवारी गेले. काळा कोट उसना घेतला.
खिडकीवरच्या मुलीला म्हटलं,
एका ओळखपत्रावरचा फोटो हवा आहे,
माझा नाही, मी कुणी नातेवाईक नाही.
'मग कोण?' तिने विचारलं.
मला सांगता आलं नाही.
तिने तरीही अर्ज घेतला, शिक्का मारला, क्रमांक दिला.

परत येताना इपेची पिवळी फुलं
पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर पडलेली.
मी वर येऊन नवीन ओळ उघडली,
रकाना अकरामध्ये रोज एक वाढवते.
आज अठ्ठेचाळीस.